विषय तुमच्याच तालुक्यात आहे

वाचकांचे प्रश्न : इतिहासाचं शिक्षण आणि संशोधन

या अंकासाठी इतिहासाच्या अभ्यासाविषयी आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. सगळी पत्रं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली आहेत. काहींनी नोकरीतल्या आणि विद्यापीठातल्या गोष्टी मोकळेपणाने लिहिल्या आहेत, म्हणून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : बाई, मी विट्याजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. सेट उत्तीर्ण आहे. पीएच.डी.साठी ‘छत्रपती शिवाजी महाराजांची प्रशासनव्यवस्था : एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय दिला होता. समितीने ‘यात नवीन काय?’ एवढंच विचारून आराखडा परत पाठवला. महाराजांवर संशोधन करायचंच नाही का? नाहीतर मग दुसरा विषय तरी सुचवा. — एक प्राध्यापक, खानापूर तालुका

उत्तर : सर, महाराजांविषयीचा तुमचा आदर मला समजतो. मी साताऱ्यातच वाढले. पण समितीचा प्रश्न रास्त आहे, तो अपमान म्हणून घेऊ नका. वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला. तेव्हापासून शिवकालाचे मराठी कागद शोधायचं आणि छापायचं काम सतत चाललं आहे. आज त्यात भर घालायची तर बहुतेक वेळा फारसी, पोर्तुगीज किंवा डच कागदांकडे जावं लागतं. तुम्हाला फारसी येते का? शिकायची तयारी आहे का? असेल तर आजच शिकवणी लावा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. नसेल तर हातातली वर्षं खर्चून तुम्ही छापील पुस्तकांवरून आणखी एक पुस्तक तयार कराल. पीएच.डी.ला नियमाप्रमाणे किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. तासिका सांभाळून ती बघता बघता संपतात.

विषय तुमच्याच तालुक्यात आहे. सावकारी कर्ज आणि त्यापायी गहाण पडलेल्या जमिनी, हा तो विषय. तो कसा, ते सविस्तर सांगते, कारण अशी पत्रं मला वारंवार येतात.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाचे रोखे जाळले. हे लोण मुख्यतः पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल आला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. तुमचा खानापूर तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. या कायद्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती आणि व्याज किती हे तपासता येऊ लागलं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत अशी तरतूद आली. पुस्तकात आपण इथे थांबतो आणि ‘कायद्याचे परिणाम’ म्हणून चार मुद्दे फळ्यावर लिहितो. पण तुमच्या तालुक्यात नेमकं काय झालं? गहाण कमी झाली का? की सावकाराने गहाण ठेवून घेणं सोडलं आणि सरळ खरेदीखत मागायला सुरुवात केली? तशी तक्रार त्या काळी होत होती. खानापुरात ती खरी होती का, हे तिथले दस्त एकापुढे एक मांडल्याशिवाय सांगता येणार नाही.

त्यात एक अडचण आहे, आणि तिच्यामुळेच हा विषय पीएच.डी.च्या तोलाचा होतो. १८७६ ते १८७८ या काळात मोठा दुष्काळ पडला. खानापूर, आटपाडी, माण हा सगळा पट्टा आधीच कमी पावसाचा. मग १८८० साली एखाद्याने जमीन विकली असेल, तर ती दुष्काळाने बुडाला म्हणून की कायद्यामुळे सावकाराने कर्ज नाकारलं म्हणून? दोन्ही कारणं एकाच सुमाराला आली. ती वेगळी काढायची असतील तर दुष्काळाआधीची काही वर्षं आणि नंतरची बरीच वर्षं, दोन्ही बघावी लागतील. म्हणून १८७० ते १९०० असा काळ घ्या आणि गावं पाच-सहाच ठेवा. त्यातली एक-दोन बागायती असू द्यात, म्हणजे तुलना होईल.

साधनं कुठली? १८८५ चं सातारा गॅझेटियर आणि आयोगाचा अहवाल घरबसल्या वाचता येतात. मुंबईचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, तिथे महसूल खात्याचे खंड पाहावे लागतील. दुय्यम निबंधकांकडे दस्तांचे जुने खंड आणि सूची कोणत्या सालापासूनच्या उरल्या आहेत, हे आधी विचारा. अर्जावर विभागप्रमुखांची सही घेऊन जा. नुसतं ओळखपत्र दाखवून कोणी कपाट उघडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरांतले कागद. ते मागायला बैठकीत जाऊन बसावं लागतं, चहा प्यावा लागतो, दोनदा नकार घेऊन तिसऱ्यांदा जावं लागतं.

एखादं गहाणखत हातात आलं की नुसती रक्कम टिपून पुढे जाऊ नका. वर मुद्रांक असतो. मग लिहून घेणार, लिहून देणार, घेतलेली रक्कम, व्याज, मुदत आणि जमिनीची चतुःसीमा : पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा. गहाण कोणत्या प्रकारचं तेही पाहा. ताबेगहाणात जमीन सावकाराच्या कब्जात जाते, नजरगहाणात ती कुळाकडे, म्हणजे कर्जदाराकडेच राहते. मुदतखरेदीत ठरल्या तारखेला पैसे दिले नाहीत तर खरेदीच होते. आता खाली या. सावकाराची सही मोडीत, वळणदार. शेतकऱ्याच्या नावापुढे सही नाही, चार रेघांचा नांगर काढलेला असतो आणि बाजूला ‘निशाणी नांगराची’ असं लिहिणाऱ्याने लिहिलेलं असतं. बाई लिहून देणारी असेल तर बांगडी. तो नांगर बहुतेक वेळा त्या शेतकऱ्याने स्वतः काढलेला नसतो, लेखकाने काढून त्याचा हात लावून घेतलेला असतो. एकाच लेखकाच्या हातचे दस्त शेजारी शेजारी ठेवले की सगळे नांगर एकाच वळणाचे दिसतात. साक्षीदारांची नावं वेगळ्या वहीत उतरवा. एकच माणूस एका सावकाराच्या दस्तांवर पुनःपुन्हा साक्षीला येत असेल, तर तो कोण होता? गावचा पाटील, सावकाराचा कारकून, की स्वतःच जुना कर्जदार? असा प्रश्न कुठल्याही छापील पुस्तकातून सुचत नाही.

तुमच्या नोकरीविषयी. तासिकेच्या हिशेबाने पैसे द्यायचे आणि वर पूर्णवेळ प्राध्यापकाइतक्या संशोधनाची अपेक्षा करायची, हा अन्याय आहे आणि मी तो अन्यायच म्हणेन. तरी एक माणूस तुमच्यासमोर ठेवते. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कूलात शिक्षक होते. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचले, त्यांच्या नकला केल्या आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले. उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्याला आजही त्या खंडांशिवाय पुढे जाता येत नाही. विट्याहून मिरज लांब नाही. ते खंड एकदा नीट चाळा, विशेषतः खऱ्यांनी प्रत्येक प्रकरणाआधी दिलेली हकिगत. कागदाला संदर्भ कसा द्यावा, हे तिथे शिकायला मिळतं.

प्रश्न : आदरणीय बाईंना सप्रेम नमस्कार. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. तासगावातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक ट्रंक आहे. तीत कापडात बांधलेले मोडी कागद आहेत. मला मोडी येत नाही. पणजोबांची सावकारी होती. एका अभ्यासकांना थोडे कागद दाखवले तेव्हा ‘हे खासगी व्यवहाराचे आहेत, ऐतिहासिक काही नाही’ असं ते म्हणाले. मुलं म्हणतात रद्दीत द्या. आणि खरं सांगायचं तर, हे बाहेर गेलं तर घराण्याची नाचक्की होईल अशी भीतीही वाटते. काय करावं? — एक वाचक, तासगाव

उत्तर : वरचं उत्तर लिहून झालं आणि मग आपलं पत्र हाती आलं, याचा मला फार आनंद झाला. ट्रंक रद्दीत देऊ नका. हात जोडून सांगते.

आपल्याला भेटलेल्या अभ्यासकांचं म्हणणं मला मान्य नाही. राजेरजवाड्यांचे कागद कुठे ना कुठे सांभाळले गेले. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांचे ढीग आहेत. पण तासगावच्या एका घरातून कोणाला किती कर्ज गेलं, ते कधी फिटलं, हे फक्त आपल्या माळ्यावर आहे. त्याची दुसरी प्रत असलीच तर निबंधकांच्या खंडात, आणि ती फक्त नोंदवलेल्या दस्तांपुरती. वहीखातं आणि हातचिठ्ठ्या तर आणखी कुठेच सापडणार नाहीत.

आता कामाचं बोलू. ट्रंक पावसाळ्यात उघडू नका. कोरड्या दिवसात, सावलीत उघडा. कागद उन्हात घालायचे नाहीत. कोणता कागद कोणत्या कापडात होता हे मोडू नका. आपण महसूल खात्यात होतात, फायलीतला क्रम बिघडला की प्रकरणच हरवतं हे आपल्याला मी काय सांगावं! प्रत्येक बांधणीला क्रमांक द्या. कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक आकडा घाला, पेनने नाही. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. प्लॅस्टिकच्या आत कायमचा गेलेला कागद परत कोणी दुरुस्त करू शकत नाही. वाळवी किंवा कसर दिसली तर ती बांधणी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. मग खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलने काढा. मागची बाजू कोरी वाटली तरी काढा. वसुलीच्या नोंदी बऱ्याचदा पाठीवर असतात.

मोडी आपल्याला येत नाही असं आपण लिहिलं आहे, पण तारीख वाचायला आपण पटकन शिकाल, आणि तारीख लागली की अर्धी भीती जाते. मुद्रांकाचे कागद इंग्रजी अमदानीतले असतील, त्यांवर इसवी सन बहुधा सरळ सापडेल. त्याहून जुने कागद निघाले तर ‘सु॥ सन’ (सुहूर सन) असं लिहून पुढे अरबी आकडे शब्दांत येतात. एककापासून वाचत जायचं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. हे साल मृग नक्षत्र लागताना बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे हे साल १७६०-६१, पानिपतचं. फसली सन असेल तर ५९० मिळवा, फरक पडला तर एका वर्षाचा. शक असेल तर ७८, पौष-माघाच्या सुमाराला ७९.

नाचक्कीविषयी. आपले पणजोबा कसे होते ते कागद सांगतील, आणि ते कागद आपण होऊन पुढे केलेत याबद्दल आपलं घराणं मानानेच ओळखलं जाईल. दुष्काळात त्यांनी व्याज सोडलं असेल, तेही त्यातच निघेल. तरीही मनात किंतु असेल तर प्रबंधात सावकाराचं आणि कुळांचं नाव न छापता काम होऊ शकतं. तशी अट लेखी घालून घ्या. आज त्या कुळांची नातवंडं आपल्या शेजारी राहत असतील, त्यांचाही विचार व्हायला हवा.

मूळ कागद कोणाच्याही हाती पावतीशिवाय देऊ नका, मी सांगितलं म्हणूनही नाही. वरच्या पत्रातल्या प्राध्यापकांना आपली हरकत नसेल तर मासिकाच्या कार्यालयामार्फत कळवते. त्यांनी आपल्या घरी येऊन, आपल्यासमोर बसून काम करावं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना कचेऱ्यांतून बोलावणी येऊ लागली, हे आपल्या खात्यातल्या मित्रांकडून आपण ऐकलंच असेल. तासगावातही कोणी ना कोणी वाचक मिळेल.

प्रश्न : बाई, मी कराडची. इतिहास घेऊन बी.ए. झाले. एम.ए.साठी कोल्हापूरला विद्यापीठात जायचं मनात आहे. वडील म्हणतात, इतिहासात पुढे काय आहे, एमपीएससी कर. मलाही शंका येते, तिथे पुन्हा त्याच सनावळ्या पाठ करायच्या का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : पोरी, सनावळ्या लागतातच, पण एम.ए.चा खरा विषय वेगळा असतो. कोणी काय सांगितलं, कशाच्या आधारावर सांगितलं आणि त्याला तो आधार कसा मिळाला, हे तपासायला तिथे शिकवतात. निदान शिकवायला हवं. इतिहासलेखनपद्धतीचा पेपर मुलं कंटाळून ऑप्शनला टाकतात, आणि नेमका तोच पेपर जन्मभर कामी येतो. बहिरंग परीक्षण, म्हणजे कागद त्याच काळातला आहे का, अक्षर, शाई, शिक्का बरोबर आहे का. अंतरंग परीक्षण, म्हणजे कागद अस्सल असला तरी लिहिणारा खरं बोलतोय का.

तुझ्या जिल्ह्यातलंच उदाहरण घे. जेम्स ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात कंपनीचा अधिकारी म्हणून होता. छत्रपती प्रतापसिंहांच्या कारभारावर त्याची देखरेख होती आणि साताऱ्याच्या दप्तरातले कागद त्याला पाहायला मिळाले. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत निघाला आणि पुढची कित्येक वर्षं तोच प्रमाण मानला गेला. मग १८६७-६८ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने त्या ग्रंथावर जाहीर टीका केली, त्यातल्या चुका आणि उणिवा दाखवल्या. मराठी माणसांनी स्वतःची साधनं शोधून छापायची जी धडपड पुढे केली, तिच्या सुरुवातीला हा विद्यार्थी आहे. तो तुझ्याच वयाचा होता. विभागात गेल्यावर पहिल्याच सत्रात ग्रँट डफची प्रस्तावना वाच आणि विचार, याला कागद कोणी दिले, कोणते दिले नसतील, आणि ज्या राजाचा कारभार आपण पाहतो त्याच्या पूर्वजांविषयी लिहिताना हा माणूस किती मोकळा होता.

वडिलांची काळजी खोटी नाही. कायम प्राध्यापकांच्या जागा कमी निघतात, तासिकेवर घर चालत नाही. पण एम.ए. आणि स्पर्धा परीक्षा यांचं वैर नाही, इतिहासाचा अभ्यास तिकडेही उपयोगी पडतो. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही योजना आहेत, तू कशात बसतेस ते पाहा. दोन वर्षांत मोडी पक्की कर. ती आली की पुराभिलेख, संग्रहालयं, भाषांतराची कामं असे आणखी रस्ते उघडतात. हे पत्र वडिलांना वाचायला दे, आणि त्यांच्याशी न भांडता बोल.

प्रश्न : साताऱ्याजवळच्या कॉलेजात शिकवते. पटावर साठ नावं, वर्गात पंधरा मुलं, आणि तीही गाइडमधून पाठ करणारी. त्यांना संशोधनाची गोडी कशी लावायची? — एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, पंधराही पुष्कळ आहेत. त्यांना शाळेचं जनरल रजिस्टर बघायला न्या.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचं रजिस्टर आता सगळ्यांना ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा दाखल झाला, त्याचा क्रमांक १९१४. त्या दिवसाची आठवण म्हणून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस आपण पाळतो. पण मुलांना सांगा, त्या पानावर इतरही मुलं आहेत, आणि असं रजिस्टर तुमच्या गावच्या जुन्या शाळेतही आहे. नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, एवढे रकाने. मुख्याध्यापकांची परवानगी काढा, नावं उतरवायची नाहीत असं ठरवा, आणि प्रत्येक मुलाला दहा-दहा वर्षं वाटून द्या. पहिली मुलगी कोणत्या साली आली? चौथीनंतर शाळा कोण सोडतं? ‘कारण’ या रकान्यात काय लिहिलंय? ‘गैरहजर’ लिहिलं असेल तर ते कोणत्या महिन्यात? सुगीच्या महिन्यांत नावं कमी होताना दिसली की मुलं आपोआप आजोबांकडे जाऊन विचारतात. मी हा उपक्रम वर्गाला दिला आहे. कधी हात वर न करणारी मुलं त्या दिवसानंतर बोलायला लागलेली मी पाहिली आहेत.

जनरल रजिस्टर मिळालं नाही तर वाईजवळच्या किकलीला जा. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे स्मारकदगड आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. खाली पडलेला वीर किंवा गायी, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला नेताना, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. प्रत्येक मुलाला एक दगड द्या. माप घेऊ दे, चित्र काढू दे. खाली गायी कोरल्या असतील तर हा माणूस जनावरं राखताना मेला, हे त्याने स्वतः ओळखू दे, तुम्ही सांगू नका. आणि देवळाला रंग देताना वीरगळांवर ऑइलपेंट फासू नका, असं गावकऱ्यांना मुलांच्याच तोंडून सांगू द्या.

प्रश्न : माझे मार्गदर्शक म्हणतात, शोधनिबंधावर माझं नाव पहिलं आणि तुझं दुसरं. शिवाय पैसे भरून छापणारं एक नियतकालिकही त्यांनी सुचवलं आहे. एक शब्दही त्यांनी लिहिलेला नाही. — एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनंतर प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची राष्ट्रीय पातळीवरची सक्ती राहिलेली नाही. तुझ्या विद्यापीठाचा नियम काय आहे तो छापील परिपत्रकात वाच, कोणाच्या तोंडून ऐकू नकोस. सरांना नम्रपणे लेखी विचार : ‘माझं लेखन आपण वाचून सूचना द्याव्यात, त्यांचा ऋणनिर्देश करतो.’ लेखी विचारलं की बरीच माणसं मागे येतात. नाही आले तर विभागाच्या संशोधन समितीकडे जा, आणि सहामाही प्रगती अहवालांच्या प्रती जपून ठेव. मार्गदर्शक बदलता येतो. त्यात वेळ जातो, पण आपलं लिहिलेलं आपल्या नावावर राहतं.

प्रश्न : मॅडम, आमचं गाव कुंडलजवळ. आजोबा ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारात होते, ते गेले. आजी नव्वदीच्या पुढे आहे. लहानपणी ती भूमिगतांना भाकरी पोचवायची असं सांगते. मला तिच्या आठवणी लिहून घ्यायच्या आहेत, पण सर म्हणतात तोंडी माहिती पुरावा होत नाही. — एम.ए. भाग १ ची विद्यार्थिनी

उत्तर : होते. तपासून घेतली तर नक्की होते. आणि हे काम परीक्षा झाल्यावर करायचं नाही, या रविवारी करायचं.

प्रतिसरकारवर जे लिहिलं गेलं त्यात क्रांतिसिंह नाना पाटील आहेत, तुफान सेना आहे, जून १९४३ मध्ये शेणोलीला लुटलेली पगाराची रेल्वेगाडी आहे. रात्री-अपरात्री भाकरी कोणी थापल्या, पीठ कुठून आलं, त्या काळात धान्याची टंचाई असताना दहा माणसांचं जेवण घरातून कसं निघालं, हे फार थोड्या ठिकाणी आहे. आजीला ‘स्वातंत्र्यलढ्याविषयी सांग’ असं म्हणू नकोस, ती भाषणात ऐकलेलंच सांगेल. विचार : भाकरी कशात बांधायची? जोंधळ्याची की बाजरीची? कोणत्या वाटेने जायचीस? वाटेत कोण भेटलं तर काय सांगायचं ठरलं होतं? तुला कोणी शिकवून ठेवलं होतं? पोलिस घरी आले तेव्हा आई कुठे होती? भीती वाटली का, हे सगळ्यात शेवटी विचार. एका वेळी तासाभराच्या पुढे जाऊ नकोस. ध्वनिमुद्रण कर, सुरुवातीला तारीख, गाव आणि तिची संमती तिच्याच आवाजात घे. तिची बोली सुधारून प्रमाण मराठीत लिहू नकोस.

साल तिला आठवणार नाही. सण, पेरणी, कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण यांवरून ते लावायचं. मग त्याच वाटेवरच्या दुसऱ्या घरात जा आणि तीच हकिगत वेगळ्या तोंडून ऐक. दोघींचं जमत नसेल तर दोन्ही लिहून ठेव, जुळवाजुळव करू नकोस. पुढे सरकारी कागद शोधशील तेव्हा एक लक्षात ठेव. १९४३ साली खुद्द कुंडल औंध संस्थानात होतं आणि भोवतालची ब्रिटिश हद्दीतली गावं सातारा जिल्ह्यात होती. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. सांगलीच्या नावाने फाइल शोधत बसलीस तर काहीच हाती लागणार नाही. आसपासच्या संस्थानी गावांचे कागद तर आणखी निराळे असतात, औंधचे वेगळे, सांगली संस्थानचे वेगळे. आजीचं माहेर कोणत्या हद्दीत होतं तेही विचारून ठेव. भूमिगतांना हद्द ओलांडून संस्थानात जाण्याचा फायदा होत असे, आणि भाकरीची वाट कदाचित त्या हद्दीवरूनच गेली असेल.

प्रश्नांची सविस्तर यादी मी कार्यालयाकडे दिली आहे. तू पत्रावर पत्ता लिहिलेला नाहीस. तो कळव, म्हणजे लगेच पाठवतील.